मेड इन जर्मनी: एका शिक्क्याची गोष्ट

उल्हासनगरचा माल आणि त्यावरचा 'मेड इन यूएसए' हा शिक्का तुम्हाला आठवत असेलच. यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद शाळेत असताना इतक्यांदा ऐकला होता की पुढे पुढे त्यावर कुणी हसेनासं झालं. पण विनोद बाजूला ठेवला तर प्रश्न उरतोच. वस्तू कुठे बनली हे सांगणारा शिक्का आपल्याला नेमकं काय सांगतो? वस्तू चांगली आहे, एवढं तरी सांगतो का?

या प्रश्नावर ब्रिटनने १८८७ साली चक्क कायदा केला होता. त्या कायद्याचं पुढे काय झालं ही गोष्ट मोठी गमतीदार आहे, आणि आज चीन, बांगलादेश किंवा भारतात माल बनवून घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला लागू पडणारी आहे. मी पीएचडी केली ती शेफील्डमध्ये, आणि भांडण सुरू झालं ते याच गावात. त्यामुळे गोष्ट तिथूनच सुरू करतो.

शेफील्ड म्हणजे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. आपल्याकडे सतार म्हटली की मिरज, तसं इथे पातं म्हटलं की शेफील्ड. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवायची पद्धत इथे बसवली आणि गावाचं नाव जगभर झालं. त्याच्याही आधीपासून, म्हणजे १६२४ पासून, इथे 'कटलर्स कंपनी' नावाचा कारागिरांचा संघ आहे. कुणी कोणता शिक्का वापरायचा याची नोंद हा संघ ठेवायचा. शिक्क्याबद्दलचं हे प्रेम अजून टिकून आहे. इथली जुनी माणसं हॉटेलात जेवायला बसली की आधी काटा-चमचा उलटा करून मागचा शिक्का वाचतात. मेन्यू नंतर!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाला जर्मनीतल्या झोलिंगेन गावाने छळायला सुरुवात केली. पोलाद घडवून केलेल्या सुरीऐवजी साध्या बिडाची ओतलेली सुरी किंवा कात्री यायची. वरून चकचकीत, किमतीला स्वस्त, आणि अंगावर खुशाल 'शेफील्ड' असा शिक्का. दोन-चार महिन्यांत धार गेली की गिऱ्हाईक शिव्या द्यायचं ते शेफील्डला. पण यात एक मेख आहे. हा माल आपोआप समुद्र ओलांडून येत नव्हता. इंग्लंडमधलेच काही व्यापारी, त्यात खुद्द शेफील्डचेही, तो स्वस्तात बनवून घेऊन आपल्या नावाने विकत होते. आज ज्याला आपण आउटसोर्सिंग म्हणतो त्याची ही जुनी आवृत्तीच.

ऑगस्ट १८८७ मध्ये पार्लमेंटने मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट पास केला. ब्रिटिश वाटेल असं नाव किंवा चिन्ह परदेशी मालावर असेल, तर तो माल कोणत्या देशात बनला हे त्यावर स्पष्ट लिहिलं पाहिजे, नाहीतर कस्टम्सवाले तो अडवतील. 'मेड इन जर्मनी' हे शब्द घरोघर पोचले ते यातून. हेतू उघड होता. गिऱ्हाइकाने शिक्का वाचावा, नाक मुरडावं आणि माल परत ठेवावा.

आता जर्मनीकडे बघू. तिथला माल वाईट आहे हे इंग्रजांच्या आधी एका जर्मन माणसानेच सांगून टाकलं होतं. मेकॅनिकलवाल्यांना फ्रान्झ रूलो हे नाव 'थिअरी ऑफ मशीन्स'मधून माहीत असेल. यंत्रांच्या गतिशास्त्राचा हा पितामह. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात तो जर्मनीच्या वतीने गेला होता आणि तिथून त्याने जर्मन वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. आपल्या उद्योगाचं तत्त्व 'स्वस्त आणि वाईट' असं आहे, असं त्याने त्यात सरळ लिहिलं. देशात केवढा गहजब झाला असेल, कल्पना करा! पण त्याचं म्हणणं हवेत विरलं नाही.

आणि योगायोग पाहा. ज्या १८८७ मध्ये लंडनने शिक्क्याचा कायदा केला, त्याच वर्षी बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गमध्ये एक सरकारी मोजमाप संस्था स्थापन झाली. तिचं जर्मन नाव वाचताना दात पडतील, म्हणून देत नाही. वेर्नर फॉन झीमेन्स या उद्योगपतीने तिच्यासाठी जागा दिली आणि हेल्महोल्ट्झसारखा शास्त्रज्ञ तिचा पहिला प्रमुख झाला. काम काय? तापमान, वीज, प्रकाश, लांबी अचूक मोजायच्या पद्धती ठरवणं आणि कारखान्यांची उपकरणं तपासून देणं. थर्मामीटर दहा अंशांनी खोटं बोलत असेल तर पोलादाला पाणी नीट कसं चढणार? आधी थर्मामीटर खरं हवं.

कारखान्यात जाऊन तपासणी करण्याची सवयही तिथे रुजत होती. १८६५ साली मानहाइमच्या एका ब्रुअरीत बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी तिथल्या बॉयलर-मालकांनी एकत्र येऊन तपासणीची संस्था काढली. आज जगभरच्या कारखान्यांना सर्टिफिकेट देत फिरणाऱ्या 'ट्यूफ' संस्थांचं मूळ ते. (मँचेस्टरमध्ये अशी संस्था १८५४ पासून होती. म्हणजे कल्पना इंग्रजांकडेही होतीच.)

परिणाम दिसायला दहा वर्षंही लागली नाहीत. १८९६ साली अर्नेस्ट विल्यम्स नावाच्या लेखकाने 'मेड इन जर्मनी' नावाचंच पुस्तक लंडनमध्ये छापलं आणि ते खूप गाजलं. तुमच्या घरात नजर फिरवा, मुलांची खेळणी, पियानो, पेन्सिल, औषधं, सगळं जर्मन आहे, असा त्याचा सूर होता. गिऱ्हाईक शिक्का वाचत होतं खरं, पण नाक मुरडत नव्हतं, उलट तोच माल मागत होतं! बदनामीसाठी मारलेला शिक्का फुकटची जाहिरात होऊन बसला. पुढे १९३८ साली तर झोलिंगेन हे नाव दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून जर्मनीलाच नियम करावा लागला. ज्या गावाने शेफील्डचं नाव चोरलं, त्याच्या नावाची आता चोरी होत होती.

इथवर वाचून वाटेल की इंग्रज प्रामाणिक आणि जर्मन लबाड, एवढाच सुरुवातीचा मामला होता. तसं बिलकूल नव्हतं. याच काळात मँचेस्टरहून मुंबईच्या कापडबाजारात काय उतरत होतं ते बघा. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) कापूस महाग झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी खळीत चिनी माती मिसळायचं प्रमाण भरमसाट वाढवलं. तागा हाताला जड आणि भरदार लागायचा. पहिल्या धुण्यात माती निघून गेली की हातात जाळी उरायची. त्या खळीला बोटीच्या दमट पोटात बुरशीही धरायची. युद्ध संपलं, कापूस उतरला, माती मात्र राहिली, कारण ती कापसापेक्षा कायमच स्वस्त! हा माल मुख्यतः भारत आणि चीनसाठी असायचा. घेणारा पाच हजार मैलांवर असला की बनवणाऱ्याचं मन कसं सैल पडतं, याचा याहून स्वच्छ पुरावा नको. १८८९ साली भारतातही मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आला. त्यात एक कलम असं की इथल्या गिरण्यांनी प्रत्येक ताग्यावर तो किती वार आहे हे छापलंच पाहिजे. लांबी छापली जाऊ लागली. माती किती ते छापा, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

आणि घरच्या मालाचं काय? स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात आगगाडीसकट कोसळला. सुमारे ७५ माणसं गेली. चौकशीत पुलाच्या बिडाच्या खांबांची कहाणी बाहेर आली. नदीकाठी वर्मिट इथे खास काढलेल्या फाउंड्रीत ते ओतले होते. कास्टिंगमध्ये पोकळ्या राहिल्या की कामगार त्या एका लुकणाने बुजवायचे. मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी एकत्र वितळवून केलेलं लुकण. घासून रंग मारला की भोक दिसतसुद्धा नाही. फाउंड्रीत त्या लुकणाला 'ब्युमाँट एग' असं गोंडस नाव होतं. कास्टिंग तयार होत असताना तिथे उभं राहून 'हे चालणार नाही, फोडा' असं म्हणणारा माणूस नव्हता. पुलाचे निखळलेले भाग नंतर लंडनला डेव्हिड कर्कल्डी यांच्या परीक्षण-शाळेत खेचून बघितले गेले. या स्कॉटिश गृहस्थांनी १८६६ पासून तब्बल ११६ टनांचं एक यंत्र चालवलं होतं, कुणाचंही लोखंड आणा, ते तोडून ताकद सांगणारं. सदर्क स्ट्रीटवर ते यंत्र आजही आहे, तिथे आता म्युझियम आहे. दारावर कोरलंय, 'मतं नकोत, तथ्यं हवीत' अशा अर्थाचं. पण कर्कल्डींकडे हे तुकडे आले ते माणसं मेल्यानंतर.

मला या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट दिसते. शिक्का गिऱ्हाइकासाठी असतो, तपासणी कारखान्यासाठी. आणि तपासणीला अर्थ येतो तो तपासणाऱ्याला 'नाही' म्हणायचा अधिकार असेल तरच.

आता आजच्या पद्धतीकडे या. समजा इथल्या कंपनीने आशियातून पाच हजार नग मागवले. बोटीवर चढवण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेचा माणूस कारखान्यात जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी बनलेल्या तक्त्यांचे वंशज त्याच्या हातात असतात. नेहमीची पातळी आणि अडीच टक्क्यांची मर्यादा धरली तर तो पाच हजारांतून २०० नग उचलतो. १० सदोष निघाले तर लॉट पास, ११ निघाले तर नापास. गणित म्हणून हे सुंदरच आहे. पण त्याला एका दिवसात जे दिसतं तेवढंच या गणितात येतं: ओरखडा, रंग, माप.

आमच्या प्रयोगशाळेत एकदा व्हॉल्व्हच्या कास्टिंगचा प्रश्न आला होता. एका परदेशी पुरवठादाराचा माल. देशाचं नाव सांगत नाही, सांगितलं की तुम्हीही शिक्काच वाचाल. पहिले नमुने उत्कृष्ट होते. तिसऱ्या खेपेपासून नग तडकू लागले. गेजला पास, रंगाला पास, कागदाला पास. मी एक कापून मायक्रोस्कोपखाली धरला. डक्टाइल आयर्नमध्ये ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात हवं, तर इथे लांब पाकळ्या पसरलेल्या. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घातलं की ठरावीक मिनिटांत ओतावं लागतं, उशीर झाला की त्याचा असर उतरतो. कुणीतरी लाडल भरून ठेवून वाट बघत बसलं असणार. मजा म्हणजे सोबतचं मटेरियल सर्टिफिकेट पहिल्याच खेपेचं होतं, फक्त तारीख बदललेली. ब्युमाँट एग आता कागदावर भरतात, एवढाच काय तो फरक.

आणि काय तपासायचं हे घेणारा ठरवतो, हेही विसरू नये. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११०० हून जास्त माणसं मेली. तिथे शिवलेले कपडे इथल्या हाय स्ट्रीटवर विकले जात. त्या इमारतीतल्या कारखान्यांचं ऑडिट झालेलं होतं, पण इमारत उभी राहील का हा प्रश्न ऑडिटच्या यादीतच नव्हता. त्यानंतर ब्रँड्स आणि कामगार संघटनांमध्ये जो करार झाला, त्यात पहिल्यांदा इंजिनियरांनी खांब-तुळया तपासल्या, आणि दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याचा माल घेणं थांबवायचं बंधन आलं. 'नाही' म्हणायचा अधिकार आला तो इतक्या माणसांच्या बदल्यात.

शेवटी आपल्याकडची एक गोष्ट सांगतो. १९०७ साली टाटांनी पोलादाच्या कारखान्यासाठी मुंबईत भांडवल उभारलं. लंडनचे सावकार कां कूं करत होते, म्हणून शेअर्स इथे काढले, आणि सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत सगळी रक्कम भरली. रेल्वेचे बडे अधिकारी सर फ्रेडरिक अपकॉट तेव्हा म्हणाले म्हणतात, की टाटांनी ब्रिटिश प्रमाणाचे रूळ बनवले तर ते सगळे मी खाऊन दाखवीन! सरकारने वर्षाला २०,००० टन रूळ घ्यायचं कबूल केलं होतं, पण ब्रिटिश प्रमाणाला उतरले तरच. त्यासाठी कारखान्यात सरकारचा स्वतःचा धातू-परीक्षक बसवला गेला. १९१२ मध्ये पोलाद बाहेर पडलं. पहिल्या महायुद्धात हेच रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले. अपकॉटसाहेबांनी खाल्ल्याची नोंद नाही.

हा परीक्षक परका होता, त्याचं प्रमाण परकं होतं, आणि सुरुवातीला त्याच्याकडे संशयानेच बघितलं गेलं असणार. पण त्याने पास केलेला रूळ नाकारायला मग कुणाकडे कारणच उरलं नाही. आज बाहेरच्या कंपन्या चीनला पर्याय म्हणून भारताकडे बघतात, तेव्हा मला कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्र्या आठवतात. तिथे उद्या एखाद्या गिऱ्हाइकाचा माणूस येईल आणि ढिगातलं एक कास्टिंग कापून दाखवा म्हणेल. त्याला चहा जरूर पाजावा, जेवायलाही घालावं. कास्टिंग मात्र त्याने बोट दाखवलेलंच कापावं.