गंगाराम तांबट : वेल्सचा शिष्य कीं स्वतंत्र चित्रकार ?

(१)

पुण्याहून पौडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिरंगुट मागें टाकलें म्हणजे कासार आंबोली हें गांव लागतें. गांवाच्या नांवास धंद्याचें नांव जोडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे; कासारसाई, कासार शिरंबें, कासार सिरसी हीं नांवें वाचकांच्या परिचयाचीं असतीलच. कासार म्हणतांच आज आपणांस बांगड्यांचें दुकान आठवतें. परंतु मूळ शब्द कांस्यकार हा असून प्राचीन ताम्रपट कोरणारांतही या वर्गाचीं नांवें आढळतात. पुण्यांतील तांबट आपणांस त्वष्टा कासार म्हणवितात, व कसबा पेठेंतील तांबट आळींत तांब्याच्या पत्र्यावर मठारकाम करणाऱ्या हातोड्यांचा आवाज अद्याप बंद पडलेला नाहीं.

या कासार आंबोलीच्या बाजूस कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एक दप्तर पाहावयास गेलों होतों. कागद बहुतेक देण्याघेण्याचे होते. त्यांत मात्र एका घडीव बंदावर हंडा, घंगाळ, तपेलें यांचे घाट रेखून काढलेले सांपडले. हात इतका सफाईदार होता कीं तो बंद आम्हांस बाकीच्या सर्व रुमालापेक्षां मोलाचा वाटला. घरधन्यांनीं तो आनंदानें दिला, व आम्ही तो पुण्यास आणून जाड कागदावर चिकटवून चौकटींत बसविला. पाठीमागें मोडींत चार ओळी होत्या, हें खळ वाळल्यानंतर आमच्या ध्यानांत आलें. त्या ओळी आतां वाचतां येत नाहींत, आणि तो हात कोणाचा हेंही आतां सांगतां येत नाहीं. आमच्या हातून घडलेला हा अपराध येथें मुद्दाम नमूद करतों. कारण पुढील विवेचनाचें बीज त्यांतच आहे. त्या बंदाकडे पाहतांना आम्हांस ज्या तांबटाची आठवण झाली, तो गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

(२)

गंगारामासंबंधीं आजवर जें लिहिलें गेलें त्याचा मथितार्थ असा : सर चार्ल्स वॉर मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ सालीं पुण्यास आला, त्याच्या प्रोत्साहनानें सवाई माधवराव पेशव्यांनीं शनिवारवाड्यांत चित्रकलेच्या शिक्षणाची सोय केली, तेथें जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार शिकवीत असे, आणि गंगाराम हा त्याचा नामांकित शिष्य. यांतील प्रत्येक वाक्य आपापल्या जागीं ठीक आहे. पण तीं ओळीनें वाचलीं म्हणजे वाचकाची समजूत अशी होते कीं, वेल्स आला नसता तर गंगाराम तांब्याचीं भांडीं ठोकीत राहिला असता. ही समजूत कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाहीं.

वेल्स हा १७४७ सालीं स्कॉटलंडांतील पीटरहेड येथें जन्मला. तो मुंबईस उतरला तो जुलै १७९१ मध्यें, व पुण्यास आला तो १७९२ सालीं. त्याच वर्षीं त्यानें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें तें सुप्रसिद्ध तैलचित्र काढलें, जें आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. आतां गंगारामाच्या चित्रांकडे वळूं. तीं मॅलेटच्या संग्रहांतून फिरत फिरत आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत जाऊन पडलीं आहेत. त्यांत पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें एक चित्र असून त्याचा काल नोव्हेंबर १७९० असा नोंदलेला आहे. म्हणजे गुरु मुंबईच्या बंदरांत उतरण्यापूर्वीं आठ महिने शिष्य पुण्यांत गेंडा समोर ठेवून चित्र काढीत होता, आणि तेंही वकिलाच्या संग्रहीं राहावें अशा योग्यतेचें.

यावर कोणी म्हणेल कीं, एका चित्रावरून इतकें अनुमान काढणें धाडसाचें आहे. आमचें उत्तर असें कीं, आम्ही अनुमान थोडेंच काढतों. वेल्सपासून गंगाराम शिकला नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. तो शिकला, व पुष्कळ शिकला. परंतु शिकावयास आला तेव्हां त्याची पाटी कोरी नव्हती, एवढेंच त्या तारखेवरून सिद्ध होतें. ‘वेल्सचा शिष्य’ हें खरें; ‘वेल्सनें घडविलेला’ हें अपुरें.

(३)

मग त्यानें आधीं पाहिलें काय, व कोणाचें ? पुण्यांत त्या वेळीं पाहण्यासारखें थोडें नव्हतें. नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं शनिवारवाड्याच्या भिंतींवर चित्रें काढण्यासाठीं जयपुराकडून भोजराज नांवाचा चितारी आणल्याचें प्रसिद्धच आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यांत भित्तिचित्रें आहेत, तीं आजही जाणाऱ्यास दिसतात. या चिताऱ्यांची रीत अशी कीं रेघ ठाम, रंग सपाट, आणि लांबचें व जवळचें यांत आकाराचा फारसा भेद नाहीं. त्याखेरीज गंगारामाच्या जातीचा जो धंदा, तोही हाताचें शिक्षण देणाराच. तांबटास पत्रा तापवून ठोकण्यापूर्वीं भांड्याचा घाट मनांत पुरा करावा लागतो. ठोका चुकला कीं पोचा पडतो, व तो झांकतां येत नाहीं. आंबोलीकडच्या त्या बंदावरील रेघांत आम्हांस जी निश्चितता दिसली ती याच शिस्तीची असावी.

वेल्सपासून त्यानें घेतलें तें निराळें : दूरत्वाप्रमाणें आकार लहान करीत जाणें, छाया-प्रकाशानें गोलाई दाखविणें, व समोरच्या माणसास किंवा वास्तूस मापून कागदावर उतरविणें. त्याचें पर्वतीच्या देवळांचें चित्र, तालमींतील मल्लांचीं चित्रें आणि लेण्यांचीं चित्रें हीं एकत्र पाहिलीं असतां या दोन्ही शाळांचा संगम ध्यानांत येतो. विलायती पद्धति त्यानें आत्मसात् केली. तथापि देशी रेघ त्यानें टाकून दिली नाहीं.

तिसरी शाळा लेण्यांची. वेरूळचें कैलास लेणें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचें, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकांतलें. डोंगर वरून खालीं पोखरीत आणून उभें केलेलें तें देऊळ मापून कागदावर उतरविणें हें प्रत्यक्ष त्या जुन्या शिल्पकारांपाशीं उमेदवारी करण्यासारखेंच होय. मॅलेटनें वेरूळवर लिहिलेला निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या सहाव्या भागांत १७९९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यासाठीं लेण्यांचीं चित्रें करणारा हात गंगारामाचा होता. वेरूळची ओळख विद्वानांस करून देणाऱ्या आरंभींच्या लेखांत हा लेख मोडतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या तांबटाच्या कामाचें मोल कळतें.

(४)

ही व्यवस्था फार दिवस टिकली नाहीं. ता. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव शनिवारवाड्यांत खालीं पडले, व ता. २७ रोजीं वारले. लगेच पुढील महिन्यांत वेल्स ठाण्यास मरण पावला. आश्रयदाता व गुरु हे दोघेही अशा रीतीनें अवघ्या कांहीं आठवड्यांच्या अंतरानें गेले. पुढें गादीच्या वारशाचा घोळ झाला, १७९६ च्या डिसेंबरांत दुसऱ्या बाजीरावास वस्त्रें मिळालीं, आणि १७९७ मध्यें मॅलेटनेंही पुण्याची वकिली सोडली. मुंबईचें सर जमशेटजी जिजीभाई कलाविद्यालय सुरू झालें तें १८५७ सालीं. म्हणजे पाश्चात्य पद्धतीच्या शिक्षणाचा पुण्यांतील हा प्रयोग त्यापूर्वीं साठ वर्षांहून अधिक जुना. तो पुढें चालता तर महाराष्ट्राच्या चित्रकलेचा इतिहास मुंबईपासून नव्हे, शनिवारवाड्यापासून मांडावा लागता.

वेल्सच्या मागें त्याचे कागद मॅलेटकडे गेले. १७९९ सालीं मॅलेटनें वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशीं विवाह केला. थॉमस डॅनिएल या चित्रकारानें ते कागद घेऊन १८०३ सालीं वेरूळच्या लेण्यांचीं चोवीस दृश्यें लंडनांत प्रसिद्ध केलीं. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर वेल्सचें नांव आहे व डॅनिएलचेंही आहे, गंगारामाचें नाहीं. त्याच डॅनिएलनें १८०५ सालीं पेशव्यांच्या दरबाराचें मोठें तैलचित्र पुरें केलें, तें आज लंडनच्या टेट संग्रहांत आहे. प्रसंग १७९० च्या तहाचा. तेव्हां वेल्स हिंदुस्थानांत नव्हता, आणि डॅनिएल पश्चिम हिंदुस्थानांत आला तो १७९३ सालीं. म्हणजे ज्या दोघांच्या कामांतून तो दरबार जगास दिसला त्या दोघांनींही तो डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. पुण्याचा जो चितारी त्याच वर्षीं मॅलेटसाठीं चित्रें काढीत होता, त्याचें नांव मात्र दोनशें वर्षें अडगळींत पडलें.

यांत डॅनिएलनें कांहीं कपट केलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या काळीं सहाय्यकाच्या हाताचें काम मालकाच्या नांवावर जाणें ही विलायतेंतही रीतच होती. वेल्सचा दुसरा सहाय्यक रॉबर्ट मेबन यानें १७९७ सालीं कलकत्त्यास स्वतःच्या नांवानें चित्रसंग्रह छापला म्हणून तो निराळा ओळखला जातो. गंगारामापाशीं छापखाना नव्हता. त्याचें नांव उरलें तें चित्रें व त्यांवरील नोंदी एकत्र राहिल्या म्हणून, आणि वेल्सच्या रोजनिशीसारखे कागद त्यांच्या शेजारींच जपले गेले म्हणून. २०११ सालीं येल येथें भरलेल्या प्रदर्शनानें व त्यानंतर २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या हॉली शॅफर यांच्या ग्रंथानें या चित्रकारास योग्य जागीं बसविण्याचें काम पुष्कळ पुढें नेलें आहे. तें काम परदेशांत व्हावें याची आम्हांस खंत वाटते. पण ज्यांनीं कागद फाडले नाहींत, कापले नाहींत, वेगळे केले नाहींत, त्यांस तें श्रेय मिळणें न्यायाचेंच आहे.

(५)

म्हणून आमच्या संग्राहक बंधूंस तीन गोष्टी सुचवितों. पहिली, रुमाल सोडतांना चित्राचा कागद सांपडला तर तो रुमालापासून वेगळा करूं नये. करावाच लागला तर तो कोणत्या कागदांच्या मध्यें होता हें तेथेंच लिहून ठेवावें. दुसरी, कडेचा मोडी मजकूर कितीही क्षुल्लक वाटो, चौकटीसाठीं कड छाटूं नये व पाठ खळीनें बंद करूं नये. एका महिन्याच्या नांवावरून गुरुशिष्यांचा क्रम कसा ठरतो हें वर दाखविलेंच आहे. तिसरी, चित्र म्हणजे पत्रांच्या मानानें गौण साधन ही भावना सोडावी. पत्राला जशी मिति, स्थळ व हस्ताक्षर असतें तसेंच चित्रालाही असतें. वाचणारा मात्र पाहिजे.

येलकडील चित्रांच्या प्रतिमा आज घरबसल्या पाहतां येतात. त्या आपणांपैकीं प्रत्येकानें एकदां तरी पाहाव्या, आणि मग आपापल्या संग्रहांतील बिननांवाचे बंद पुन्हा एकदां काढून त्यांशीं ताडून पाहावे. जो हात परक्या देशांत ओळखला गेला तो त्याच्या स्वतःच्या गांवीं ओळखतां येऊं नये, असें होतां कामा नये. आमच्याकडील तो आंबोलीचा बंद आम्ही चौकटींतून काढविला आहे, व खळ न दुखवितां सुटते काय याचा प्रयत्न चालू आहे. मागील चार ओळी वाचतां आल्या तर त्या याच त्रैमासिकांत सादर करूं.