नैराश्याच्या मोजमापाचा शोध : सर्पगंधा ते स्कॅन

१/ १९४९. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीवरील निबंध प्रसिद्ध केला. मुळीने रक्तदाब उतरतो, हे त्यांना मोजून दाखवता आले.

२/ १९५२ मध्ये या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन, दोघेही होते.

३/ मात्र रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले. हे औषध मेंदूतील सेरोटोनिन घटवते, असे १९५५ मध्ये आढळले. नैराश्य म्हणजे मेंदूतील रसायनांची उणीव, हा विचार यातूनही बळावला.

४/ उणीव सर्वांची एकच असती, तर एकच औषध सर्वांना लागू पडले असते. तसे घडले नाही. गुण येतो की नाही, हे कळायला कित्येक आठवडे जातात. तोवर रुग्ण सोसत राहतो.

५/ १९९७ मध्ये हेलन मेबर्ग व सहकाऱ्यांनी उपचारापूर्वीचे पेट स्कॅन तपासले. कपाळामागे खोलवर असलेल्या सिंग्युलेटच्या पुढील भागात ज्यांचा ग्लुकोजचा वापर अधिक होता, त्यांना औषधाचा गुण आला. ज्यांचा कमी होता, त्यांना आला नाही.

६/ २०१३ मध्ये त्यांच्याच गटाला इन्सुला या भागातून औषध की संवादोपचार, याचा संकेत मिळाला. तरीही ही तपासणी अजून दवाखान्यात रुळलेली नाही. वकिलांच्या हाती रक्तदाबमापक होता. नैराश्याचा मापक अद्याप घडतो आहे.