घरखर्चाचे खाते

घरखर्चाकरिता बँकेत एक निराळे खाते उघडावे, असा विचार हल्ली अनेक सुशिक्षित कुटुंबांत चाललेला दिसतो. पगार एका खात्यात जमा व्हावा, त्यातून महिन्याच्या खर्चापुरती रक्कम दुसऱ्या खात्यात वळवावी, आणि वाणी, दूधवाला, विजेचे बिल, मुलांची फी हे सारे त्या दुसऱ्या खात्यातून भागवावे, अशी ही योजना. योजना चांगली आहे. परंतु ते खाते कोठे उघडावे हा प्रश्न निघाला, की बोलणे बहुधा व्याजाच्या दराशी येऊन थांबते. आपल्या देशातील ठेवीदारांचा इतिहास पाहिला, तर घरखर्चाच्या पैशापुरते तरी व्याजाला एवढे महत्त्व देण्याचे कारण दिसत नाही. मागितल्या दिवशी पैसा मिळेल काय, आणि घर चालविणाऱ्या माणसाच्या हाती तो मिळेल काय, हे दोन प्रश्न त्याच्या आधी विचारावयास हवेत.

प्रथम दुसरा प्रश्न घेतो, कारण त्याचे उत्तर फार जुने आहे. सन १८३३ ते १८३५ या काळात तीन इलाख्यांच्या राजधान्यांत सरकारी बचत बँका निघाल्या. पुढे १८७३ साली त्यांच्यासाठी एक स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्यात विवाहित स्त्रीच्या ठेवीविषयी एक कलम होते. तिने ठेवलेली रक्कम खुद्द तिला देता येईल आणि तिची पावती पुरेशी समजली जाईल, असा त्याचा आशय. ज्या काळी इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने पत्नीची जंगम मालमत्ता बव्हंशी पतीचीच मानली जाई, त्या काळी सरकारी बचत बँकेने पतीच्या सहीवाचून तिचे पैसे तिला देण्याची सोय करून ठेवली होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १८८२ साली पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली आणि ही सोय गावोगावच्या टपाल कचेरीपर्यंत जाऊन पोहोचली. तिचा लाभ किती स्त्रियांनी घेतला असेल तो असो. आमच्या मध्यमवर्गात घरखर्चाचे पैसे फडताळातल्या डब्यात आणि पासबुक यजमानांच्या पेटीत, अशीच वाटणी पुष्कळ काळ चालत आली.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. स्वदेशीच्या चळवळीत, १९०६ च्या सुमारास, देशी भांडवलाच्या बँका झपाट्याने निघू लागल्या. त्यांतील काही उत्तम चालल्या. परंतु काहींनी लोकांच्या ठेवी मिळविण्यासाठी व्याज वाढविले, आणि ते व्याज देण्यासाठी पैसा धोक्याच्या ठिकाणी गुंतविला. लाहोरची पीपल्स बँक १९०१ साली स्थापन झालेली. तिने मागताक्षणी परत करावयाच्या ठेवी कारखान्यांत अडकवून ठेवल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये ती बंद पडली. मुंबईची इंडियन स्पीशी बँक चांदीच्या सट्ट्यात सापडली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिचे दिवाळे निघाले. एका बँकेच्या दारावर गर्दी झाली, की ती बातमी दुसऱ्या बँकेच्या दारीही गर्दी करते. त्यानंतरच्या काही वर्षांत लहानमोठ्या अनेक बँका एकापाठोपाठ एक बुडाल्या. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. कारखाना वाईट नव्हता, किंवा कारखान्यास कर्ज देणेही वाईट नव्हते. उद्या सकाळी परत मागितला जाणारा पैसा दहा वर्षांच्या कामात घातला, यात घात झाला.

याच काळातून तरून निघालेल्या बँकांपैकी सेंट्रल बँक ऑफ इंडिया ही १९११ साली सोराबजी पोचखानवाला यांनी स्थापन केली. तिने १९२१ साली घरगुती बचतपेटीची योजना काढली आणि १९२४ साली स्त्रियांकरिता वेगळा विभाग उघडला. म्हणजे फडताळातला डबा बँकेत आणावयाचा, तर घरातल्या बाईने बँकेत आले पाहिजे, हे त्या बँकेने पुरते ओळखले होते असे म्हणावयास हरकत नाही.

रिझर्व्ह बँक १९३५ साली आणि बँकिंगचा सर्वसाधारण कायदा १९४९ साली आला, तरी ठेवीदाराच्या हाती बँक बुडाल्यावर काय पडावे, याचा बंदोबस्त झाला नव्हता. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक या दोन बुडाल्या, तेव्हा सरकारला जाग आली. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभी त्याची मर्यादा दर ठेवीदारामागे १,५०० रुपये होती. ती वाढत वाढत १९९३ साली एक लाख, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. ही मर्यादा एका बँकेतील एका माणसाच्या सर्व ठेवी व त्यांवरील व्याज मिळून आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन खाती काढल्याने ती तिप्पट होत नाही.

व्याजाची गोष्ट मात्र आकड्यांनीच सांगितली पाहिजे. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर धरीत. समजा, एकास वीस हजार रुपये जमा केले आणि ते रोजच्या खर्चात सारखे कमी होत महिनाअखेर दोन हजार उरले. त्या वेळच्या साडेतीन टक्के दराने व्याज पडे त्या दोन हजारांवर, म्हणजे सुमारे सहा रुपये! १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज धरू लागले. त्या हिशेबाने तेच व्याज बत्तीस रुपयांच्या आसपास जाते. पुढे २०११ च्या ऑक्टोबरात दर ठरविण्याची मोकळीक बँकांना मिळाली. आता एक टक्का दर अधिक मिळाला, तरी वरच्या उदाहरणात महिन्याकाठी नऊ-दहा रुपयांची भर पडेल. उलट, किमान शिल्लक राखली नाही म्हणून कित्येक बँका जो दंड घेतात, तो एका फटक्यात याहून अधिक असू शकतो. घरखर्चाच्या खात्यात महिनाअखेर शिल्लक खाली जाणारच. त्यासाठीच तर ते खाते आहे. किमान शिलकेची अट नसलेले मूलभूत बचत खाते २०१२ पासून सर्व बँकांत मिळते, ते अशा कामास योग्य.

मागितल्या दिवशी पैसा न मिळणे म्हणजे काय, हे मुंबईतील अनेक कुटुंबांनी २०१९ च्या सप्टेंबरात अनुभवले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि आरंभी एका खात्यातून केवळ एक हजार रुपये काढण्यास परवानगी मिळाली. ती मर्यादा काही दिवसांत वाढविण्यात आली. तरीही ज्यांचा पगार, ठेव आणि घरखर्च ही तिन्ही त्याच एका बँकेत होती, त्यांना वाण्याचे बिल देण्यासाठी दुसऱ्याकडे हात पसरावे लागले. ठेवीचा विमा होता, पण त्या काळी विम्याचे पैसे हाती पडण्यास वर्षे लागत. २०२१ च्या दुरुस्तीने असे निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यावी असे ठरले. नव्वद दिवस म्हणजे तीन महिन्यांचे वाणसामान. म्हणून घरखर्चाचे खाते पगाराच्या बँकेहून वेगळ्या बँकेत, अथवा पोस्टात असावे, आणि ते पतिपत्नींच्या संयुक्त नावाने, दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने चालेल अशा रीतीने उघडावे. अर्ज भरताना खाते कसे चालवावयाचे त्याची एक ओळ असते. पुष्कळ जण ती न वाचताच पुढे जातात.