लोकनिंदा आणि आईबाप

पेण-रोह्यासारख्या गांवांत एखाद्या मुलीची टवाळी मोबाइलवर सुरू झाली, म्हणजे दिवेलागणीच्या आंत ती बाजारपेठेंत पोंचते. कारण गांव लहान, आणि कोण कोणाची लेक हें सर्वांस ठाऊक. अशा वेळीं आईबाप बहुधा पहिल्यानें मुलीच्या हातचा मोबाइल काढून घेतात. साधन नवें आहे. आईबापांपुढील पेंच मात्र जुना आहे, व त्याचीं दोन निरनिराळीं उत्तरें आपल्या इतिहासांत सांपडतात.

जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. तेथें शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाईंवर लोक शेणमाती फेंकीत. १८४९ त गोविंदरावांनीं मुलास व सुनेस घराबाहेर काढलें. आम्ही गोविंदरावांस दुष्ट म्हणणार नाहीं. लोकांच्या बोलण्यापुढें ते वांकले, इतकेंच.

दुसरें उत्तर मुंबईचें. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें. मोठेपणीं त्यांनीं नांदावयास जाण्याचें नाकारलें, तेव्हां पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं दावा लावला. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनीं मुलीची बाजू घेतली. १८८५ त, निकालापूर्वींच, ते वारले. तरी रखमाबाईंस घरचें दार बंद झालें नाहीं. न्यायमूर्ति पिन्हे यांचा निकाल त्यांच्या बाजूनें लागतांच वर्तमानपत्रांतून काहूर उठलें. ‘केसरी’नेंही त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. मालमत्तेच्या लोभानें घरच्यांनींच हें घडविलें, असाही आरोप झाला. आईबापांच्या मर्मावर घाव घालून लेकरास नमविण्याची ही युक्ति फार जुनी! मार्च १८८७ मध्यें नांदावयास जा, नाहींतर सहा महिने कैद, असा हुकूम झाला. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ त दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढें विलायतेंत शिकून त्या डॉक्टर झाल्या.

आम्हांस यांत विशेष वाटतें तें असें कीं, ‘एक हिंदु स्त्री’ या टोपणनांवानें त्या १८८५ त ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लिहीत होत्या, आणि एवढ्या गदारोळांतही त्यांच्या हातची लेखणी कोणी काढून घेतली नाहीं. मोबाइल हिरावून घेणारा बाप रागावलेला असतो टवाळखोरांवर, पण शिक्षा होते मुलीस. मग पुढच्या खेपेस ती घरीं कांहीं सांगतच नाहीं. शिवाय २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें २०१५ त रद्द केलें असलें, तरी दुसऱ्याच्या नांवानें ठकविणें, खासगी छायाचित्रें पसरविणें, हे गुन्हे त्यांत अद्याप आहेत. तक्रारीस पुरावा लागतो. आणि तो त्याच मोबाइलमध्यें असतो.