एकोणचाळीस अंकांची संख्या

दोनाला दोनाने गुणीत जावे, असे १२७ दोन एकमेकांशी गुणले गेले म्हणजे थांबावे आणि आलेल्या गुणाकारातून एक वजा करावा. जी संख्या उरते ती एकोणचाळीस अंकी आहे: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. तिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणताही विभाजक नाही. ती मूळ संख्या आहे.

मॅरें मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली या जातीच्या मूळ संख्यांची एक यादी छापली, तीत ही होती. २५७ या घातांकापर्यंतच्या साऱ्या संख्यांची ती यादी. परंतु पुरावा एकाचाही दिलेला नाही. मर्सेनचा तो धीटपणाच म्हणावयाचा, कारण पुढे त्या यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ हे घातांक त्याने व्यर्थ घेतले. ६१, ८९ आणि १०७ गाळले. १२७ मात्र खरा ठरला.

तो खरा ठरविला एदुआर ल्युका याने, १८७६ मध्ये. वीस अंकी संख्येपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी एकेक करून भागून पाहणे अशक्य होते. सेकंदाला एक भागाकार केला तरी शेकडो कोटी वर्षे लागली असती. ल्युकाने विभाजक शोधलेच नाहीत. त्याने कसोटी शोधली. लेहमर याने १९३० मध्ये तिला दिलेले सुटसुटीत रूप ३१ या लहान संख्येवर पाहता येते. चारापासून आरंभ करावा. चाराचा वर्ग करून दोन वजा केले की १४. त्याचा वर्ग उणे दोन म्हणजे १९४. एकतीसने भागले असता बाकी ८. आठाचा वर्ग उणे दोन म्हणजे ६२, आणि त्यास एकतीसने निःशेष भाग जातो. शेवटी शून्य आले, म्हणून ३१ मूळ. मोठ्या संख्येसाठी असे सव्वाशे वर्ग करावे लागतात, आणि प्रत्येक बाकी एकोणचाळीस अंकांपर्यंत जाऊ शकते. ल्युकाच्या हाताशी कागद आणि लेखणी एवढेच होते.

याच कसोटीने त्याने ६७ या घातांकाची संख्या मूळ नसल्याचे दाखविले. तिचे अवयव मात्र त्याला सांगता आले नाहीत. संख्या फुटते हे ठाऊक, परंतु कोठे फुटते ते अज्ञात, अशी ही विलक्षण अवस्था सत्तावीस वर्षे टिकली. १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल याने ते अवयव काढले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. न्यूयॉर्कच्या सभेत त्याने एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून दाखविला, असे सांगतात.

ल्युकाची संख्या पंचाहत्तर वर्षे ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली. १९५१ मध्ये तिचा मान गेला. १९५२ च्या जानेवारीत संगणकयंत्राने एकाच दिवशी ५२१ आणि ६०७ हे दोन घातांक सिद्ध केले, आणि तेही ल्युकाच्याच कसोटीने.