पगार कुणाचा, संसार कुणाचा?

मराठी कथेतली बाई नोकरीला लागली. पण तिचा पगार कुणाच्या हातात पडला, हे आपण फारसं विचारलेलं नाही. ते विचारायचं तर १९३३ सालापाशी जावं लागतं. त्या वर्षी 'कळ्यांचे निःश्वास' हा विभावरी शिरूरकर यांचा कथासंग्रह आला आणि वादळ उठलं. ही विभावरी कोण, याचीच चर्चा रंगली. टोपणनावामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्वे यांच्या संस्थेत शिकलेल्या, स्वतः शिक्षिका.

लोकांना धक्का बसला तो अविवाहित मुलींच्या मनातल्या इच्छा छापून आल्याचा. मला मात्र या पुस्तकाचा खरा धीटपणा घराच्या जमाखर्चात दिसतो. शिकलेली मुलगी कमावते, तिच्या पैशावर घर चालतं, आणि मग तिचं लग्न लांबतच जातं. कुणी तिला छळत नाही, सगळी मायेचीच माणसं. वडील दुष्ट असते तर ती निदान भांडली तरी असती! 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे एका कथेचं नावच पुरेसं बोलकं आहे. शिकली की मुलगी स्वतंत्र होईल, ही सुधारकांची आशा. तिची दुसरी बाजू दाखवली ती सुधारकांच्याच शाळेत घडलेल्या बाईनं.

१९३४ च्या 'हिंदोळ्यावर' मधली अचला नवऱ्यापासून वेगळी झालेली आहे आणि तिला नवा संसार हवा आहे. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ साली!

पुढे मालतीबाईंनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये नोकरी केली. ब्रिटिश कायद्यानं 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना तिथं कुंपणाआड ठेवलेलं असे. त्यातून १९५० साली 'बळी' आली. पगारानं जी मुलगी घरात अडकली होती, तिच्याच पिढीच्या लेखिकेला नोकरीनं मध्यमवर्गाच्या उंबऱ्याबाहेर नेलं.

ही वाट पुढे कविता महाजन यांच्या 'ब्र' कादंबरीत दिसते. २००५ ची ही कादंबरी. नवऱ्याचं घर सुटलेली प्रफुल्ला संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात हिंडते आणि सरपंच झालेल्या बायकांना भेटते. १९९२ च्या घटनादुरुस्तीनं त्यांना राखीव जागा दिल्या; पण खुर्ची बाईची आणि कारभार दुसऱ्याचाच, हा हिशेब पुन्हा समोर येतो. 'बळी'वर लेखिकेचं टोपणनावच राहिलं होतं. 'ब्र'वर मात्र कविताताईंचं स्वतःचं नाव आहे.