पट्टा आणि कासरा

मराठीत बैलाच्या दोरीला जितकी नावे आहेत तितकी कुत्र्याच्या दोरीला नाहीत. गोठ्यात बांधायचे ते दावे, नाकातून ओवायची ती वेसण, हाकताना हातात धरायचा तो कासरा. कुत्र्याच्या वाट्याला पट्टा आणि साखळी एवढेच आले. कासऱ्यातून माणूस जनावराशी बोलतो: कधी ताण देतो, कधी सैल सोडतो. पट्टा सांगतो फक्त मालकी. कचेरीतला शिपाई अंगावरच्या पट्ट्यामुळे ‘पट्टेवाला’ झाला, तसा कुत्राही पट्ट्यामुळे कुणाचा तरी झाला. आज मुंबईत परळ-लालबागच्या टॉवरखाली वर्षाचा दांडगा लॅब्रडॉर धन्याला फरफटत नेताना दिसतो. माझ्या मते त्याचे एक कारण असे की या शहरात कुत्र्याच्या गळ्याला दोर आला तो मालकीचा पुरावा म्हणून. चालायला शिकवण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे आपण कधी पाहिलेच नाही.

हा पुरावा जीवन-मरणाचा होता. १८१३ च्या नियमाने मुंबईत वर्षातल्या ठरावीक दिवसांत बेवारस कुत्री मारण्याची मुभा पोलिसांना मिळाली. १८३२ मध्ये ती मुदत वाढवली गेली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत, म्हणून मारेकरी घरची कुत्रीही सोडीनात. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा शिधा अडवला गेला आणि सरकारला लष्कर बोलवावे लागले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ उभारली. गिरगावाला लागून असलेल्या त्या वस्तीत धनी नसलेल्या जनावरालाही हक्काचा आसरा मिळाला.

यावर कुणी म्हणेल, ही दंगल धर्माची होती, तिचा पट्ट्याशी काय संबंध? पारशी अंत्यविधीतल्या सगदीदमध्ये मृतदेहावर कुत्र्याची नजर पडणे आवश्यक असते, आणि त्या रागामागे ही श्रद्धा होती हे खरेच. पण दुकाने बंद ठेवणाऱ्यांत हिंदू आणि जैनही होते. सगळ्यांना मिळून खटकले ते सरकारचे गृहीतक: ज्याला एक धनी नाही तो कुणाचाच नाही. इथल्या आळ्यांत रीत वेगळी होती आणि पुढे गिरणगावच्या चाळींतही ती टिकली. कुत्रा साऱ्या चाळीचा असे. शिळी भाकरी चार घरांतून येई, झोप जिन्याखाली होई, आणि त्याला बांधायचा विचार कुणाच्या मनात येत नसे. महापालिका मात्र १९९४ पर्यंत भटकी कुत्री मारत राहिली. नंतर नसबंदी आली. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी अशा कुत्र्यांना समुदायाचे प्राणी म्हटले. चाळीने जे कधीच मानले होते ते कायद्याच्या कागदावर यायला १८३२ पासून १९१ वर्षे लागली.

चाळी पडून टॉवर उभे राहिले आणि कुत्रा एका घराचा झाला. त्याच्याबरोबर पट्टा आला, पण कासऱ्याची समज आली नाही. दोर घट्ट धरला की कुत्रा ताब्यात, असे आपण समजतो. प्रत्यक्षात गळ्याला ताण बसला की कुत्रा उलट जोर लावतो. आणि त्याने ओढले व आपण त्याच्या मागोमाग गेलो, तर विजेच्या खांबापर्यंत पोचणे हेच त्याचे बक्षीस ठरते. अशी रोज दोनदा तालीम झाली की तो ओढण्यातच पारंगत होतो. उपाय साधा आहे, फक्त धीर लागतो. दोर ताणला की जागच्या जागी थांबायचे. सैल झाला की लगेच पुढे निघायचे. कुत्रा पायाशी चालत असतानाच त्याला खाऊ द्यायचा. सुरुवात घराच्या पॅसेजमध्ये, मग जिन्यात, मग रिकाम्या गल्लीत. लालबागच्या बाजारात पहिला धडा देऊ नये.

दांडग्या जनावराला हिसकाच समजतो, हा आक्षेप जुना आहे. जर्मनीचे पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये लिहिलेल्या पुस्तकाने सक्तीचे शिक्षण जगभर रुजवले, आणि त्या पद्धतीने कुत्री शिकलीही. म्हणून हिसका निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पण हिसक्याने चूक थांबते, काय करायचे ते कळत नाही. शिवाय घसा दुखावतो आणि भीतीतून चावा निघू शकतो. आपल्याच शेतकऱ्याची साक्ष काढावी. तो नवा खोंड जाणत्या बैलाशेजारी जुंपतो, आणि खोंड सरळ चालला की कासरा सैल सोडतो. त्याच्या लेखी हा सैल दोर म्हणजेच शाबासकी. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुडकणारा मुंबई पोलिसांचा लॅब्रडॉर ‘जंजीर’ही दोर लावूनच काम करी. तिथे वास कुठे नेतो ते कुत्रा सांगतो आणि त्याचा हँडलर मागे जातो; दोराच्या दोन्ही टोकांना एकमेकांचे कळते.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात १८८६ पासून जनावरांचे डॉक्टर घडत आले आहेत, आणि कुत्र्यांचे आजार घेऊन लोक त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. चालण्याचे शिक्षण मात्र बहुतेक घरांत अजून सुरूच झालेले नाही. घरात चार-सहा महिन्यांचे पिल्लू असेल तर ते तीस किलोचे होण्याची वाट पाहू नका. आजच पॅसेजमध्ये दहा पावले, सैल दोराने.